मुलांचे रूट कॅनॉल आणि त्यानंतरची वेदना

लहान मुलाच्या किडलेल्या दाढेवर रूट कॅनॉल उपचार पार पडले, की पालक सुटकेचा निःश्वास टाकतात. दाढ बधिर केलेली असल्याने मूल हसत खुर्चीवरून उतरते, शहाण्यासारखे बसल्याबद्दल त्याला एखादे खेळणे मिळते आणि मंडळी घरी निघतात. दोन-तीन तासांनी भूल उतरते. त्या वेळी मूल दवाखान्यात नसते. अहिल्यानगर जिल्ह्यात तर ते बऱ्याचदा एसटीत असते.

२०२४ साली नाव बदललेला हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश आणि चौदा तालुके. लोणीचे रूरल डेंटल कॉलेज आणि संगमनेरजवळ घुलेवाडीचे एसएमबीटी दंत महाविद्यालय, या दोन्ही संस्था जिल्ह्याच्या उत्तर भागात आहेत. जामखेडहून लोणीला जायचे तर सव्वाशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. राजूर-भंडारदऱ्याकडच्या मुलाला संगमनेर गाठण्यासाठी घाट उतरून यावे लागते. नगर शहरात बालदंतवैद्य आहेत. पण रात्री अकरा वाजता गाल धरून रडणाऱ्या मुलाला घेऊन शहरातला पालक तरी कोणाचे दार ठोठावणार? म्हणूनच या वेदनेचा बंदोबस्त ती सुरू होण्यापूर्वी, म्हणजे दवाखान्यात असतानाच करून ठेवला पाहिजे. उपचारानंतर दुखेल की नाही, दुखले तर केव्हा आणि किती दिवस, याचा अंदाज बराचसा आधी बांधता येतो. तो बांधून औषधाची मात्रा लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नये.

दुधाच्या दाताचे रूट कॅनॉल कशासाठी?

'पडणारच आहे तो दात, मग एवढा खटाटोप कशाला,' हा प्रश्न आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्व जण विचारतात. दुधाच्या दाढांपैकी मागची दाढ दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान पडते. पाचव्या वर्षी ती किडली आणि काढून टाकली, तर पुढची पाच-सहा वर्षे ती जागा रिकामी राहते, शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचा दात वाकडा येतो. शिवाय सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ उगवते ती दुधाची नसून कायमची असते, आणि ती दुधाची समजून दुर्लक्षिली जाते. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले होते.

कीड दाताच्या आतल्या मऊ मज्जेपर्यंत, म्हणजे बोलीभाषेत 'नसेपर्यंत', पोचली की साधे सिमेंट भरून भागत नाही. मज्जेचा फक्त वरचा भाग बिघडला असेल तर तेवढाच काढतात. त्याला पल्पोटॉमी म्हणतात. मुळांपर्यंत जंतू उतरले असतील, हिरडीवर पुटकुळी आली असेल, तर मुळांतील सर्व मज्जा काढून कालवे स्वच्छ करावे लागतात. ही पल्पेक्टॉमी, म्हणजेच मुलांचे रूट कॅनॉल. कालव्यांत भरायचे औषध मात्र मोठ्यांपेक्षा वेगळे असते. दुधाच्या दाताची मुळे पुढे विरघळत जातात, तेव्हा त्यांच्याबरोबर विरघळेल असेच औषध तेथे घालावे लागते. झिंक ऑक्साइड-युजेनॉलचे सिमेंट किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि आयडोफॉर्मचे मलम त्यासाठी वापरतात.

दुखते कशामुळे?

नस काढून टाकल्यावर दात दुखेलच कसा, हा प्रश्न रास्त आहे. दुखतो तो दात नव्हे, तर मुळाच्या टोकापलीकडचे ऊतक आणि दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू. कालवा साफ करताना त्यातील घाण, जंतू व धुण्याचे औषध कणभर जरी टोकापलीकडे ढकलले गेले, तरी तेथे दाह होतो. बंदिस्त हाडात सूज पसरायला जागा नसते, म्हणून दाब वाढतो आणि दात ठणकतो किंवा त्यावर चावले की कळ येते. दुधाच्या दाढांची मुळे बारीक, फाकलेली आणि टोकाशी झिजू लागलेली असतात; त्यांच्या कुशीत कायमच्या दाताचा अंकुर असतो. त्यामुळे येथे मोठ्यांच्या दातापेक्षाही जपून काम करावे लागते.

या वेदनेला एक ठरावीक चाल आहे. भूल उतरल्यावर ती सुरू होते, पहिल्या दिवशी, विशेषतः पहिल्या रात्री, तिचा जोर असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती ओसरते. ज्या मुलाचा दात उपचारापूर्वीच रात्र-रात्र ठणकत होता, त्याला नंतरही दुखण्याची शक्यता अधिक. फार घाबरलेल्या मुलाचेही तसेच. उलट ज्याचा दात फारसा न दुखता फक्त तपासणीत सापडला, त्याला बहुधा एखाद्या मात्रेपलीकडे औषध लागत नाही. म्हणूनच 'गेल्या आठवड्यात किती वेळा रात्री उठून रडला' हे डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगावे.

दुखण्याची काही कारणे दाताबाहेरचीही असतात. रबराचा पडदा बसवताना लावलेल्या चिमट्याने हिरडी दुखावते, सुई टोचलेली जागा हुळहुळते, तासभर तोंड उघडे ठेवल्याने जबडा अवघडतो. सिमेंट किंवा टोपी किंचित उंच राहिली, तर प्रत्येक घासाला सगळा भार त्याच दाढेवर पडतो. या दुखण्याला औषध नव्हे तर उंचवटा घासून देणे हाच उपाय. स्टीलची तयार टोपी मात्र पहिले काही दिवस थोडी उंच वाटतेच, आणि मुलांचा चावा सहसा आपोआप जुळून येतो.

मुलाची वेदना ओळखणे

मुलांना मोठ्यांइतके दुखत नाही, ही समजूत वैद्यकशास्त्रातही फार काळ टिकून होती. नवजात बालकांवर नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. भारतीय वंशाचे डॉ. कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी पुरेसे वेदनाशामक दिले तर गुंतागुंती कमी होतात. शास्त्र बदलले, घरोघरी मात्र 'रडू नकोस, मोठा झालास ना आता' हे वाक्य अजून कायम आहे. त्यामुळे मूल दुखणे लपवायला शिकते, दुखणे कमी होत नाही.

तीन-चार वर्षांचे मूल 'दाढ दुखते' असे नेमके सांगत नाही. ते एकाच बाजूने चावते, आवडीचा पदार्थही बाजूला सारते, ब्रश लावू देत नाही, झोपेत कण्हते, कारण नसताना चिडते. अशा मुलांसाठी अमेरिकेत डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी चेहऱ्यांची एक पट्टी तयार केली. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे. मुलाने आपल्या दुखण्यासारख्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे. वेदना कमी करण्याच्या उपायांचे जे अभ्यास होतात, त्यांपैकी अनेकांत अशाच पट्टीने मोजणी होते. घरीही वहीच्या कागदावर असे चेहरे काढता येतात. संध्याकाळी, झोपताना आणि सकाळी मुलाने कोठे बोट ठेवले हे टिपून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी फोनवर डॉक्टरांना 'खूप दुखतंय हो' यापेक्षा उपयोगी माहिती देता येते.

खुर्चीवर काय घडते त्यावर बरेच अवलंबून

उपचाराच्या दिवशी मुलाला उपाशी आणू नये. गुंगीचे औषध देणार असतील तर मात्र डॉक्टर सांगतील तसेच उपाशी ठेवावे. 'सुई टोचणारच नाहीत' असे खोटे आश्वासन देऊ नये आणि 'त्रास दिलास तर डॉक्टर सुई टोचतील' अशी धमकी तर मुळीच देऊ नये. बालदंतवैद्य आधी सांगतात, मग उपकरण दाखवतात आणि नंतरच ते तोंडात नेतात. अ‍ॅडलस्टन यांनी १९५९ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही सर्वत्र वापरली जाते. भीती कमी झाली की दुखणेही कमी जाणवते, याचा अनुभव बालदंतवैद्यांना रोज येतो.

उपचारापूर्वी अर्धा-पाऊण तास आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची एक मात्रा देण्याची पद्धत आहे. दाहाची रसायने तयार होण्याआधीच औषध रक्तात पोचलेले असावे, असा त्यामागचा विचार. हे प्रत्येक मुलाला लागतेच असे नाही. दाढ आधीपासून ठणकत असेल तर मात्र डॉक्टरांना तसे जरूर विचारावे.

कालवा साफ करण्याच्या तंत्राचाही वेदनेशी संबंध आहे. पूर्वी हे काम हाताने फिरवायच्या बारीक फाईलींनीच होई. २००० च्या सुमारास यंत्रावर फिरणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या लवचिक फाईली दुधाच्या दातांसाठी वापरल्या जाऊ लागल्या. पुढे आखूड मुळांना साजेशा खास फाईली चेन्नईत तयार झाल्या. या फाईली घाण टोकाकडे ढकलण्याऐवजी वर काढतात आणि वेळही वाचवतात. तुलनात्मक अभ्यासांत यंत्राच्या फाईलींनंतर पहिल्या काही तासांतील दुखणे कमी आढळले आहे. दोन-तीन दिवसांनंतर हा फरक फारसा उरत नाही. पण पालकांना धास्ती असते ती पहिल्या रात्रीचीच. मात्र यंत्र असले म्हणजे झाले असे नव्हे. कालव्याची लांबी क्ष-किरण चित्राने किंवा विद्युत मापकाने मोजणे, फाईल टोकाच्या किंचित अलीकडे थांबवणे, धुण्याचे औषध सुई न अडकवता हलक्या दाबाने सोडणे आणि भरण्याचे मलम टोकाबाहेर जाऊ न देणे, हे हाताचे कौशल्य यंत्राहून मोलाचे आहे.

बर्फासारख्या थंड सलाइनने कालवा धुणे किंवा हिरडीवर मंद लेसरचा झोत सोडणे, हे उपायही अलीकडे पुढे आले आहेत. मोठ्यांमध्ये थंड सलाइनचे निष्कर्ष आशादायक आहेत. मुलांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. लेसर नाही म्हणून एखादा दवाखाना मागासलेला ठरवण्याचे कारण नाही.

घरी पोचल्यावर

पहिला धोका वेदनेचा नसून बधिरतेचा आहे. ओठ आणि गाल दोन-तीन तास जड असतात, आणि मूल गंमत म्हणून ते चावते. दुसऱ्या दिवशी ओठ सुजतो, त्यावर पांढरट-पिवळा थर येतो. पालकांना वाटते पू झाला. मग अकारण प्रतिजैविके सुरू होतात. ही चावल्याची जखम असते आणि आठवडा-दीड आठवड्यात आपोआप भरते. तेव्हा भूल पूर्ण उतरेपर्यंत खायला देऊ नये, एसटीत झोपू देण्यापेक्षा गप्पांत गुंतवावे आणि तोंडावर लक्ष ठेवावे.

वेदनाशामकाची पहिली मात्रा भूल उतरण्यापूर्वीच द्यावी. उपचारापूर्वी दिली असेल, तर पुढची केव्हा ते डॉक्टरांकडून घड्याळाच्या वेळेसह लिहून घ्यावे. दाढ आधी खूप ठणकत असेल, तर पहिले चोवीस तास औषध रडण्याची वाट न पाहता घड्याळ पाहून द्यावे, एक मात्रा झोपण्यापूर्वी येईल अशा बेताने. त्यानंतर गरजेपुरते.

मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. आणि सर्वांत जास्त चुका येथेच होतात. पॅरासिटामॉल दर किलो वजनाला १० ते १५ मि.ग्रॅ. या प्रमाणात, सहा-सहा तासांनी, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. आयबुप्रोफेन दर किलोला ५ ते १० मि.ग्रॅ., आठ-आठ तासांनी, खाल्ल्यानंतर. वीस किलो वजनाच्या मुलाला पॅरासिटामॉलची एक मात्रा २०० ते ३०० मि.ग्रॅ. होते. आता बाजारात पाच मि.लि.मध्ये १२० किंवा १२५ मि.ग्रॅ. असलेले सिरप मिळते आणि २५० मि.ग्रॅ. असलेलेही. बाटल्या सारख्याच दिसतात. 'दोन चमचे द्या' असे ऐकून आलेला पालक दुसरी बाटली वापरतो तेव्हा मात्रा दुप्पट होते. उलट घडले तर निम्मी होते, मूल रात्रभर रडते आणि 'औषध लागू पडले नाही' असा निष्कर्ष निघतो. शिवाय घरातले चमचे एका मापाचे नसतात. झाकणाबरोबर आलेले माप किंवा सुई काढलेली सिरिंज वापरावी, आणि चिठ्ठीवर चमचे नव्हे तर मि.लि. व बाटलीवरील प्रमाण लिहून मागावे. काही सिरपांत दोन्ही औषधे एकत्र असतात. ते चालू असताना ताप आला म्हणून वेगळे पॅरासिटामॉल दिले, तर तेच औषध दोनदा पोटात जाते.

डेंग्यूची शंका असलेल्या, उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेल्या, मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा वेदनाशामकांनी दमा उसळणाऱ्या मुलाला आयबुप्रोफेन देऊ नये. लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडच्या औषधांवर भारतात २०११ सालापासून बंदी आहे. मोठ्यांसाठी आणलेल्या गोळीचा तुकडा मोडून देण्याची सवय घरात असेल तर ती सोडावी.

गालावर बाहेरून रुमालात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटे धरल्याने बरे वाटते. गरम शेक देऊ नये, त्याने सूज वाढू शकते. लवंगेचे तेल बोळ्याने थेट लावल्यास हिरडी भाजते, आणि लहान मुलाच्या पोटात गेल्यास ते विषारी ठरू शकते. काही घरांत दुखऱ्या दाढेला मिश्री लावण्याची रीत अद्याप आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तो मुलाच्या हिरडीला लावणे म्हणजे वेदना थोपवण्याच्या नावाखाली व्यसनाची ओळख करून देणे होय.

पहिले एक-दोन दिवस आहार मऊ आणि कोमट असावा. खिमटी, मऊ भात, दहीभात, केळे, ताक चालेल. ऊस, चिक्की, तिळाची कडक वडी, फुटाणे दूर ठेवावेत. उसाच्या जिल्ह्यात हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड, विशेषतः संक्रांतीच्या दिवसांत. पण कांडे सोलताना तात्पुरते सिमेंट निघाले, तर कालवा उघडा पडतो आणि दुखणे पहिल्यापासून सुरू होते. ब्रश त्याच रात्रीपासून हलक्या हाताने करावा.

प्रतिजैविके आणि धोक्याच्या खुणा

प्रतिजैविक हे वेदनाशामक नव्हे. साध्या दुखण्यासाठी अमॉक्सिसिलिन सुरू केल्याने मुलाला आराम पडत नाही. जुलाब मात्र लागू शकतात. ताप, चेहऱ्यावर पसरणारी सूज किंवा प्रतिकारशक्तीचा विकार असेल तेव्हाच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ते द्यावे लागते. गालाची सूज वाढत डोळ्यापर्यंत किंवा जबड्याखाली उतरली, मुलाला तोंड उघडता येईना, गिळता येईना, लाळ गळू लागली किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, मूल सुस्त पडले, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. तिसऱ्या दिवसानंतरही दुखणे उतरण्याऐवजी चढत असेल, तर दात पुन्हा तपासावा लागतो; राहिलेला कालवा, गळलेले सिमेंट किंवा शेजारचाच किडलेला दात त्याच्या मुळाशी असू शकतो.

दुसरी खेप

पू झालेला नसेल तर पल्पेक्टॉमी एकाच भेटीत पुरी करता येते, आणि दूरच्या मुलांसाठी शक्य तेथे तसेच करावे. पू असेल तर मात्र औषध ठेवून, तात्पुरते सिमेंट लावून आठवड्याने बोलवावे लागते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या मुलांची दुसरी खेप बहुधा होतच नाही. शाळांमधून होणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. पावसाळ्यात शाळा सुरू होताच सापडलेला दात दिवाळीपूर्वी पुरा करून त्यावर टोपी बसवणे शक्य असते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात थोडे शिकलेल्या गावच्या बायकांनी बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतची देखभाल सांभाळून दाखवली. उपचारानंतरच्या दुसऱ्या दिवशी घरी जाऊन चेहऱ्यांची पट्टी मुलासमोर धरणे आणि सिरपची बाटली तपासणे, हे काम गावच्या आशा सेविकेला अवघड जाऊ नये.

शहरातील पालकांची दुसरी खेप वेगळ्या कारणाने चुकते. दुखणे थांबले की टोपीचे राहून जाते, परीक्षा येते, सुट्टी येते. मज्जा काढलेली, आतून पोखरलेली दाढ टोपीवाचून सहज फुटते. म्हणून टोपी उपचाराच्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या आठवड्यात बसवून घ्यावी, आणि सहा महिन्यांनी क्ष-किरण चित्र काढून मुळाखालील हाड व कायमच्या दाताचा अंकुर पाहून घ्यावा.